पंख पिळायचं विमान: फोकर ई-३ च्या प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२३

दिवसभर मान वर करून उभा होतो. लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनच्या सायन्स म्युझियममध्ये तिसऱ्या मजल्यावर विमानांची गॅलरी आहे. तिथं फोकर आइनडेकर, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं जर्मन एकपंखी लढाऊ विमान, टांगलेलं आहे. मॉडेल ई-३, क्रमांक २१०/१६. चारशेच्या वर आइनडेकर बनले, त्यातलं अस्सल असं हे एकच उरलं. जर्मन पायलट माक्स इमेलमानचं ई-१ ड्रेस्डेनला जपून ठेवलं होतं, ते दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेलं.

आम्हाला याची उडती नक्कल बांधायची आहे, आणि आमचं नशीब असं की या विमानावर कापड नाही. नुसता सांगाडा. नळ्या, तारा, पंखांच्या फासळ्या म्हणजे रिबा, सगळं उघडं. प्रेक्षकांना ते अर्धवट वाटतं, पुढं निघून जातात. आम्ही तिघं चार तास खालून बघत होतो. मिस्त्रीनं पक्षी बघायची दुर्बीण आणली होती. मिस्त्री म्हणजे आमचा ७१ वर्षांचा इंग्रज सुतार, आयुष्यभर लोकांच्या घरांचे जिने केले. मी पहिल्या दिवशी त्याला मिस्त्री म्हणालो, अर्थ सांगितला, आता तो फोनवरही ‘मिस्त्री बोलतोय’ असंच सांगतो. तिसरी इंजिनवाली. विमानतळावर देखभालीचं काम करते, आमच्यात खरं शिक्षण तिचंच. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर वाढलेला, इकडं बेडफर्डशायरमध्ये नोकरीसाठी आलेला. शेड एका शेतकऱ्याचं, भाडं नाममात्र, पत्रा गळका.

घरी येऊन एकशे चाळीस फोटो बघितले. पैकी कामाचे अकरा.

२८ जानेवारी

कागदावर बसलो. पंखांचा पसारा ९.५२ मीटर, लांबी ७.२ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. रिकामं वजन ३९९ किलो. पायलट, बंदूक, पेट्रोल धरून ६१०. रिकामी उभी मारुती ८०० सुद्धा याहून जड. वेग ताशी १४० किलोमीटर, तोही १०० हॉर्सपॉवरच्या ओबेरउर्सेल इंजिनावर.

आता या विमानात काय नाही ते. पंखाच्या कडेला हलणारी फळी, म्हणजे एलेरॉन, नाही. विमान कलवायचं तर अख्खा पंखच पिळायचा, ओल्या पंचासारखा. शेपटीला स्थिर आडवा पंख नाही, उभा कल्ला नाही. जे आहे ते सगळं हलतं. त्यामुळं दांडा सोडला की विमान आपल्या आपण सरळ राहत नाही. ते पायलटला एक क्षण मोकळं सोडत नाही.

खरा वाद इथंच झाला. नक्कल करायची तर त्यांच्या चुकांचीही करायची का? इंजिनवालीचं म्हणणं, छोटा स्थिर पंख लावू, लांबून कुणाला कळणार नाही. मिस्त्री म्हणाला, मला कळेल. दोन तास गेले. ठरलं असं: नळ्यांचं पोलाद, पट्टे, इंजिन, जिथं जीव अडकतो तिथं आजचं वापरायचं. पण हवेत ते कसं वागतं, त्याला हात लावायचा नाही. शेपूट हलतीच राहील. पंख पिळायचेच.

४ मार्च

नळ्या आल्या. एका बंडलाची भिंत जाड निघाली. परत. तीन आठवडे गेले.

२५ मार्च

वेल्डिंगला सुरुवात. फोकरचं वेगळेपण इथं होतं. बाकीचे लाकडाचं धड करत होते तेव्हा त्यांनी पोलादी नळ्या जोडून चौकोनी पिंजरा केला. वेल्डिंगचा उस्ताद राइनहोल्ड प्लाट्झ, पुढं तोच कंपनीच्या नावाजलेल्या विमानांमागं होता. त्यांचं साधं मऊ पोलाद होतं, आमचं ४१३० क्रोमोली, म्हणजे त्याहून मजबूत मिश्र पोलाद. वेल्डिंग मात्र गॅसचंच ठेवलं, म्हणजे सांधा हळू गार होतो.

कोल्हापूरला आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. वय ७८, चष्मा कपाळावर, मागं लेथचा आवाज. मला टॅक, म्हणजे वेल्डिंगचा तात्पुरता ठिपका, मारताना बघितलं आणि ओरडले, ‘आरं आरं, एका बाजूनं पळायलाईस कशाला? एका कोपऱ्याला टॅक मारलास की समोरच्या कोपऱ्याला जा. न्हाईतर पाईप तुज्याकडं बघत बघत वाकणार.’

तोवर उशीर झाला होता. डावी वरची लांब नळी शेपटीच्या टोकाला ९ मिलिमीटर ओढली गेली. दोरा लावून तीनदा मोजलं, नऊच.

आण्णांचा उपाय: उलट्या बाजूला टिकलीएवढी जागा लाल कर, गार होताना नळी आपोआप ओढून घेईल. ट्रॅक्टरच्या चासीला त्यांनी हे शंभर वेळा केलंय आणि ते बरोबरच आहे. विमान तपासणारा इन्स्पेक्टर बुधवारी आला, दोन्ही हात खिशात घातले, नळीच्या बाजूनं एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, कापा. नळीची भिंत पातळ आहे, कुठं किती तापवलं याचा पुरावा राहत नाही, आणि वर माणूस बसणार आहे.

कापलं. आण्णांना सांगितलं तर क्षणभर गप्प. मग म्हणाले, ‘बरोबर हाय त्याचं. ट्रॅक्टर खाली पडत न्हाई.’

८ एप्रिल

१९१६ साली आजच्याच तारखेला तो २१०/१६ इंग्रजांच्या हाती लागला. नवा पायलट धुक्यात वाट चुकला आणि फ्रान्समध्ये सेंट ओमेरजवळ ब्रिटिशांच्याच मैदानावर उतरला. तोवर या विमानाची अशी दहशत बसली होती की इंग्रज वर्तमानपत्रं आपल्या पायलटांना ‘फोकरचा चारा’ म्हणत होती. उडवून बघितलं तर विमान बेताचंच निघालं. जादू विमानात नव्हतीच, बंदुकीत होती. तिच्याबद्दल पुढं लिहीन.

नवी नळी बसली. फरक १ मिलिमीटरच्या आत.

२९ एप्रिल

काम अर्धा दिवस. धडाच्या आतल्या तारा ओवल्या. प्रत्येक खणात फुलीसारख्या तारा आणि ताण द्यायला टर्नबकल. एक आवळला की शेजारचे दोन रुसतात. सारंगी लावण्यासारखं, फक्त सूर कुणालाच ठाऊक नाही.

आजची तारीख मला वेगळ्या कारणानं आठवते. १९१६ साली याच दिवशी मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा तुर्कांच्या हाती पडलं. आत अडकलेली सहावी पूना डिव्हिजन. त्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती, ११७ वी मराठा होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं. डिसेंबर १९१५ पासून वेढा. शेवटी शेवटी ब्रिटिश विमानांनी वरून धान्याची पोती टाकली, दळायला जात्याचा दगडसुद्धा टाकला. जगात वेढ्यातल्या फौजेला विमानातून रसद पोचवायचा हा पहिलाच मोठा प्रयत्न. आणि त्याच एप्रिलमध्ये तुर्कांच्या बाजूला आइनडेकर येऊन पोचले. त्यांनी रसद टाकणारं एक विमान पाडलं.

आमच्या भागात अनेक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते, या गावातून एवढे गेले, एवढे परतले नाहीत. लहानपणी त्या पाटीवर चेंडू मारायचो. आज टर्नबकल फिरवताना मध्येच थांबलो. मिस्त्रीनं विचारलं, काय झालं. त्याला कुत माहीत होतं. त्याच्या इकडची नॉरफोक रेजिमेंटही त्या वेढ्यात होती. चहा केला.

१७ जून

रिबा. मिस्त्रीचं राज्य. फळीवर खुंट्या ठोकून त्यानं साचा केला आणि एकेक रिब त्यात बसवून चिकटवतो. माझं काम पॉलिश पेपर आणि हिशेब.

पंखात एक अडचण आहे, ती हातात घेतल्यावरच कळते. पंख मजबूत हवा, पण कडक नको. पुढचा स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारा दांडा, ताठ, त्याला खालून-वरून पक्क्या तारा. मागचा स्पार मात्र तारांनी वर-खाली ओढायचा, म्हणजे सगळी पिळवण रिबांनी सोसायची. रिब आणि मागचा स्पार जिथं मिळतात तिथं मिस्त्रीनं नेहमीच्या सवयीनं डिंक भरून टाकला आणि पहिला पंख दगड झाला. तो म्हणाला, पन्नास वर्षं मी करकरणारा जिना बंद करायचं काम केलं, आता तू म्हणतोस करकरू दे.

सतरा सांधे खरवडून काढले.

१९ ऑगस्ट

ओल्ड वॉर्डनला, जुनी विमानं जपणाऱ्या शटलवर्थ कलेक्शनमध्ये संध्याकाळचं उड्डाण होतं. त्यांच्याकडं १९०९ चं ब्लेरिओ-११ आहे, तेही पंख पिळायचंच. झाडाचं पान हललं तरी ते बाहेर काढत नाहीत. आज सात वाजेपर्यंत सगळे गवताकडं बघत बसलो. मग वारा पडला आणि ते धावपट्टीवर सरळ रेषेत उठलं, दहा-पंधरा फूट, आणि बसलं. बस्स. वळवलं नाही. मी पंखाच्या टोकाकडं बघत होतो: ते हवेत हळूच मुरडत होतं, माशाच्या शेपटीसारखं.

परतताना इंजिनवालीनं सांगितलं, १९१२ मध्ये अपघात झाल्यावर ब्रिटिश लष्करानं एकपंखी विमानांवर बंदीच घातली होती. बंदी पुढं उठली, पण संशय राहिला. एकपंखी मोडतं, दोनपंखी टिकतं, ही समजूत रुजली. म्हणजे १९१५ मध्ये समोरून एकपंखी विमान येतंय हेच इंग्रजांना थोडं अपशकुनी वाटत असणार. हा माझा तर्क.

१४ ऑक्टोबर

पेट्रोल टाकी. मूळ विमानात मोठी टाकी, ८१ लिटर, पायलटच्या पाठीमागं. इंजिन पुढं. पेट्रोल आपोआप जात नाही. म्हणून पुढं एक छोटी टाकी आणि पायलटनं हातपंपानं तासात आठेक वेळा मागचं पेट्रोल पुढं चढवायचं. शेपटीवर शत्रू असेल तरी.

यावर वाद झालाच नाही. विजेचा पंप बसवला. हातपंपही ठेवला, चालू स्थितीत, विजेचा बंद पडला तर म्हणून. मी शेडमध्ये खुर्चीवर बसून दहा मिनिटं मारून बघितला. खांदा भरून आला. आमच्या विहिरीवरचा रहाट हलका होता म्हणायचं.

१० फेब्रुवारी २०२४

इंजिन. ओबेरउर्सेल हे फ्रेंच ग्नोमच्या घराण्यातलं: नऊ सिलिंडर, आणि अख्खं इंजिनच प्रोपेलरबरोबर गरगर फिरतं. मधला दांडा विमानाला पक्का, बाकी सगळं लोखंड फिरतं. त्यानं विमान एका बाजूला झटकन वळतं, दुसऱ्या बाजूला कुरकुरत. न्यूझीलंडमध्ये ब्लेनहाइमला आता नवं कोरं ग्नोम मोनोसुपाप बनवून मिळतं. किंमत विचारली आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. ऑस्ट्रेलियन सात सिलिंडरचं रेडियल घेतलं, ११० हॉर्सपॉवर, स्थिर बसणारं.

हे मला अजून टोचतं. हवेत कसं वागतं त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, आणि इंजिन न फिरणारं घेतलं म्हणजे लावलाच. वहीत लिहून ठेवतोय, नाहीतर दोन वर्षांनी आपणच लोकांना सांगू की अगदी हुबेहूब आहे.

मूळ इंजिनाला वंगण एरंडेल. पेट्रोलमध्ये ते सहज विरघळत नाही, म्हणून. तेल एकदा आत गेलं की जळून-उडून बाहेर, परत टाकीत येणं नाही. पायलटच्या तोंडावर, गॉगलवर, पोटात. लहानपणी ज्याला महिन्यातून एकदा आजीनं नाक दाबून एरंडेल पाजलंय त्याला पुढचं सांगायला नको. आमच्या इंजिनाला साधं तेल चालतं, पण इंजिनवाली वासासाठी एक छोटी बाटली घेऊन आली. लेबलवर गुजरात. सायलेन्सरवर चार थेंब टाकले आणि शेड क्षणात एकशे आठ वर्षं मागं गेलं. मिस्त्री बाहेर पळाला.

११ मे

इंजिनावरचं ॲल्युमिनियमचं झाकण. फोकरच्या पत्र्यावर सगळीकडं छोट्या वळशांची नक्षी असते, फोटोत खवल्यांसारखी दिसते. यंत्रानं केलेली वाटते, पण फोटो मोठे केले तर वळसे सारखे नाहीत, कुणीतरी हातानं घासलेले. लाकडी खुंटीला घासकागद लावून मनगट फिरवायचं: अर्धा वळसा, उचल, सरक, पुन्हा. पहिल्या दिवशी माझे वळसे इतके सुबक आले की खोटे दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी हात दुखत होता, कंटाळा आला होता, घाई होती, तेव्हा बरोबर यायला लागले. त्या कारखान्यातल्या पोरालाही शिफ्ट संपवायची होती.

मिस्त्रीचा दाखवायचा प्रोपेलर तयार. उडायला वेगळा, प्रमाणपत्रवाला घेतलाय. लाकडाचे थर चिकटवून कोरलेला, अक्रोडाच्या रंगाचा. आणि त्यावर कंपनीचा शिक्का: गरुडा. ही माझी गंमत नाही. बर्लिनजवळ नॉयकोल्नला त्या काळी खरोखरच या नावाची प्रोपेलर कंपनी होती आणि फोकरला त्यांचे प्रोपेलर लागायचे. आण्णांना फोटो पाठवला. उत्तर आलं: ‘विष्णू कुठं बसणार?’

२० जुलै

बंदूक. या प्रकल्पातलं सगळ्यात गोड काम. बंदूक अर्थात लाकूड आणि पाइपची, काहीही उडत नाही. पण तिची जोडणी खरी केली.

प्रश्न सोपा होता. समोर प्रोपेलर फिरतोय आणि त्याच्यामागून गोळी झाडायची आहे. फ्रेंच पायलट रोलाँ गारोसनं पात्यांना पोलादी पाचरी लावल्या, पात्यावर बसलेली गोळी बाजूला फेकली जाईल अशा. १८ एप्रिल १९१५ ला तो जर्मनांच्या हाती लागला. मग कंपनीचा मालक फोकर यानं ४८ तासांत उपाय शोधला अशी कथा आहे. मी ती मानत नाही. अशा जोडणीचं फ्रान्झ श्नायडरचं पेटंट १९१३ चं, आणि फोकरचा हाइनरिश ल्यूबं आधीपासून यावर काम करत होता. कथा मात्र फोकरला आवडायची, त्यानं ती खूप वेळा सांगितली. १ जुलै १९१५ ला कुर्ट विंटगेन्सनं या बंदुकीनं पहिलं विमान पाडलं, १ ऑगस्टला इमेलमाननं.

आमचा हिशेब: प्रोपेलर मिनिटाला १,२०० फेरे, दोन पाती. म्हणजे नळीसमोरून सेकंदाला चाळीस वेळा पातं जातं. गोळी सेकंदाला ८०० मीटर धरली आणि नळीपासून प्रोपेलर एक मीटर धरला तर गोळी सव्वा मिलिसेकंदात पोचते. तेवढ्यात पातं नऊ अंश सरकतं. म्हणजे घोडा ओढायचा तो पातं समोर नसताना नव्हे, पातं नऊ अंशांनंतर समोर नसेल तेव्हा.

पद्धत अशी की इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चकतीला एक उंचवटा. तो दांडीला ठोसतो, दांडी बंदुकीच्या घोड्याला. पायलटनं बटण दाबलं तरच दांडी जोडली जाते. चकती आण्णांनी कोल्हापुरात लेथवर काढून कुरियरनं पाठवली, ड्रॉइंगपेक्षा दोन शतांश मिलिमीटर जास्त चांगली. घोड्याच्या जागी आम्ही स्विच बसवला आणि नळीत लाल लेझरचा दिवा. पातं हातानं फिरवायचं. दिवा पात्यावर लागला तर चूक, मोकळ्या जागेतून जाऊन समोरच्या पत्र्यावर लागला तर बरोबर.

पहिल्या फेऱ्यात लाल ठिपका मिस्त्रीच्या अक्रोडी पात्याच्या बरोबर मध्यावर. त्यानं छातीला हात लावला. चकतीवरचा आटा सैल होता. सरकवला, आवळला, तीस फेरे फिरवले. तीसही पत्र्यावर.

मग मी मुद्दाम आटा सैल केला आणि हलक्या हातानं फिरवत राहिलो. अकराव्या फेऱ्याला ठिपका पात्याच्या कडेवर आला. ३१ मे १९१६ ला इमेलमानच्या विमानात नेमकं हेच झालं, स्वतःच्याच गोळ्यांनी प्रोपेलर तोडला, तरी तो उतरला. १८ जूनला मेला तेव्हा जर्मन म्हणाले पुन्हा तेच झालं, इंग्रज म्हणाले आम्ही पाडला. आट्याला लॉकिंग वायर मारली.

७ सप्टेंबर

कापड चढलं. लिननवर पारदर्शक डोप, म्हणजे कापड ताणून धरणारा लेप, रंग नाही. आतल्या रिबा उन्हात हाडांसारख्या दिसतात. कापड ताणलं गेल्यावर पंख पुन्हा कडक झाला अशी भीती होती. डाव्या टोकाला मिस्त्री, उजव्याला इंजिनवाली, मी आत. दांडा डावीकडं नेला. डोक्यावरच्या तिकाटण्यातली पुली किरकिरली, तार सरकली, आणि डावीकडची मागची कड वर, उजवीकडची खाली. मिस्त्रीच्या पट्टीवर ७० मिलिमीटर. दांड्याला जोर मात्र चांगलाच लागतो. तो इथं, उभ्या शेडमध्ये. वर ताशी १४० ला किती लागत असेल.

किरकिर तशीच ठेवली. मिस्त्रीनं विचारलंही नाही.

२१ सप्टेंबर

वजन केलं. रिकामं ४३७ किलो. मूळ विमानापेक्षा ३८ जास्त. विजेचा पंप, बॅटरी, पट्टे, रेडिओ आणि मिस्त्रीचा डिंक.

पहिल्यांदा शेडबाहेर काढलं. चाकांना ठोकळे, शेपटीला दोर बांधून ट्रॅक्टरला. इंजिन नाही, नुसतं उभं करून बघायचं. मी आत बसलो, दांडा मधोमध धरून. दहा मिनिटं काहीच नाही. मग मागून शेताकडून वाऱ्याची एक झुळूक आली, गवताचं टोकही नीट हललं नाही अशी, आणि दांडा माझ्या हातात पुढं गेला. मी ढकलला नव्हता. शेपटीचा एलिव्हेटर, म्हणजे हलता आडवा पंख, वाऱ्यानं खाली दाबला होता आणि तो दांडा घेऊन चालला होता. मी ओढून धरला. झुळूक गेली, दांडा तिथंच राहिला, मध्यावर परत आला नाही. याला मध्य असा नाहीच.

इंजिनवाली खाली उभी होती. तिनं विचारलं, सोडलास का? म्हटलं, नाही. सोडू नकोस, म्हणाली, फोटो काढते.

उद्याचा वारा बारा नॉट सांगितलाय. बाहेर काढत नाही. टेलस्किडचा, म्हणजे शेपटीखालच्या टेकणीचा, रबर बदलायचा आहे.